गुलाबी तक्त्यावरचा ठिपका

सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. ही वेळ मी आठवणीवरून लिहीत नाही. तुझ्या कामाच्या मोबाइलमध्ये त्या नोंदीसोबत ती आपोआप उमटलेली आहे. नाव: अजून ठेवलेले नाही. वय: बारा महिने. वजन: सात किलो दोनशे ग्रॅम. मूल: मुलगी. या चार ओळींपैकी शेवटची चुकीची होती, फुई, आणि ती तुझ्या नव्हे, माझ्या बोटाने भरली गेली होती.

एवढे एक वाक्य तुला सांगण्यासाठी माझ्याजवळ जवळजवळ वर्ष होते. त्या वर्षात मी दर महिन्याला तुझ्याशी फोनवर बोलले. शेंगदाण्याच्या चटणीबद्दल, फुवांच्या गुडघ्याबद्दल, पुण्यातल्या खोलीभाड्याबद्दल बोलले. ते वाक्य बोलले नाही. गेल्या आठवड्यात तापीकाठच्या प्रकाशा गावी, घाटावर तुझे दहावे झाले. फुवा गुडघाभर पाण्यात उभे होते आणि मी पायऱ्यांवर बसून त्या वाक्याची शब्दरचना करीत होते. कर्ता कोण, कर्म कोण, सुरुवात कुठून करावी. ते बऱ्यापैकी जुळले तेव्हा लक्षात आले की ऐकणारीच उरलेली नाही.

वडिलांची धाकटी बहीण म्हणून तू माझी फुई, तुझे यजमान ते फुवा. गावाला तू अंगणवाडीच्या बाई. या दोन्ही नात्यांनी मी तुझी देणेकरीण आहे, आणि तुझ्याशी भांडण्याचा हक्कही मला त्यांनीच दिला होता. आपले भांडण त्या सोमवारचे नव्हतेच. ते सुरू झाले तेव्हा मी सात वर्षांची होते.

तू मला सारंगखेड्याच्या यात्रेला नेले होतेस. घोडे पाहून झाले, जिलबी खाऊन झाली आणि परतताना मी तयार कपड्यांच्या एका दुकानापुढे खिळून उभी राहिले. दोरीवर एक निळा शर्ट टांगलेला होता, त्याच्या छातीवर धावता पांढरा घोडा छापलेला होता. मला तो हवा होता. जगात तेव्हा दुसरे काहीही नको होते.

दुकानदार म्हणाला, "पोरीले हाऊ गुलाबी बेस दिसी, मावशी. तो निया आंडोरसना शे."

आंडोर म्हणजे मुलगा, आणि निळा त्यांचा, एवढे मला तेव्हाही कळले. तू दुकानदाराशी दोन मिनिटे घासाघीस केलीस आणि झालरींचा गुलाबी फ्रॉक घेतलास. घेतलास तो घेतलास, तिथेच माझ्या अंगातल्या कपड्यांवरून चढवलासही. मी बसमध्ये बसेपर्यंत रडत होते. शहाद्याच्या अलीकडे कधीतरी तू म्हणालीस, "आवढी गर्दी शे. तू हात सोडीसन पयेस. निया घालती ते कथा धुंडती मी तुले? गुलाबी दुरथून दिसस."

मी ते कारण मानले नाही. मोठी माणसे निर्णय आधी घेतात आणि कारण नंतर शोधतात, हा निष्कर्ष मी त्या बसमध्ये काढला व पुढे बरीच वर्षे तो मला उपयोगी पडला. तो फ्रॉक तू घरी नेऊन नव्हे, तर त्या गर्दीतच, कपड्यांवरून घातला होतास, हा तपशील तुझ्या बाजूचा पुरावा आहे, हे मला पंचविशी उलटेपर्यंत सुचले नाही. सुचल्यावरही मी तुला ते बोलून दाखवले नाही. हरलेला मुद्दा मान्य करण्याची सवय मला नव्हती. ती तू लावायला हवी होतीस, असे आज तुझ्याच माथी मारावेसे वाटते.

पुढे मी सांख्यिकी शिकले, संशोधनाला लागले, आणि प्रत्येक सुट्टीत नवे मुद्दे घेऊन तुझ्या अंगणवाडीत येऊ लागले. शहाद्याच्या दुकानांत लहान मुलांच्या कपड्यांचे कप्पे मी वहीत टिपून आणले होते: डावीकडे निळे, मोटारी, वाघ, क्रिकेट, उजवीकडे गुलाबी, फुलपाखरे, राजकन्या. मी तुला समजावत होते की सहा महिन्यांच्या बाळाला आपण मुलगा आहोत की मुलगी याचा पत्ताही नसतो, त्याला रंग चिकटवतो तो आपणच. मग त्या रंगासोबत खेळणी येतात, खेळण्यांसोबत कामे येतात. तू मटकी निवडत होतीस. मदतनीस सुमनबाई चुलीपाशी होत्या.

"माले इचारशी ते लेकरूले एकच रंग जोयजे," तू म्हणालीस. "मयखाऊ."

मळ दिसू न देणारा तो मळखाऊ. सुमनबाई इतक्या हसल्या की पळी खाली पडली. मी चिडले. तुझ्या त्या उत्तरात माझ्या वहीतल्या सगळ्या कप्प्यांना पुरून उरेल एवढे शहाणपण होते, हे आज लिहिताना कळते. तेव्हा मला तो विनोद वाटला, आणि माझ्या विषयावर केलेला विनोद मला खपत नसे.

पण तू नुसती विनोद करणारी नव्हतीस. स्वेटरांचा प्रसंग तुला आठवत असेलच. कोणा दात्याने थंडीत मुलांसाठी स्वेटर पाठवले होते. दोन गठ्ठे, एक गुलाबी, एक निळा, अगदी सारख्या संख्येचे. तुझ्या पटावर मात्र त्या वर्षी मुलगे जास्त होते. निळे संपले, गुलाबी उरले आणि रांगेत मुलगे उभे. एक आई तर स्वेटर हातातही घेईना.

"माय वं, मन्हा आंडोरले गुलाबी? त्यान्हा बाप माले घरमा येऊ देवाव नही."

तू क्षणभर विचार केलास आणि ज्या मुलींना मापामुळे निळे दिले होते त्यांना परत बोलावून त्यांच्या हाती गुलाबी दिलेस, त्यांचे निळे मुलग्यांना दिलेस. निळे मिळाले तेव्हा एकाही मुलीची आई कुरकुरली नव्हती. तरीही चार मुलगे उरलेच. ते थंडीत कुडकुडत घरी गेले, पण गुलाबी घालून गेले नाहीत. संध्याकाळी तू मला फोन केलास. आवाजात चीड होती.

"आंडेरले निया चालस, आंडोरले गुलाबी चालत नही. तू शिकेल-सवरेल शे, सांग मंग. हालका कोन्ता रंग ठरना?"

मी त्या प्रश्नावर तुला वीस मिनिटे व्याख्यान दिले. खरे तर उत्तर तुझ्या प्रश्नातच होते आणि ते माझ्या व्याख्यानापेक्षा नेमके होते. चढण चालते, उतरण चालत नाही. मी ते निरीक्षण पुढे एका चर्चासत्रात वापरले. तुझे नाव घेतले नाही. "एका ग्रामीण कार्यकर्तीच्या मते" असे म्हटले.

त्या सोमवारी दिवाळीची सुट्टी संपत आली होती आणि तुझा वजनाचा दिवस होता. मी म्हणाले, मी मोबाइलवर भरते, तू वजने सांग. तुझ्या चष्म्याचा नंबर वाढला होता आणि माझा वेग चांगला होता. चाळीस मुले होती. भिंतीवर वाढीचे दोन तक्ते होते, मुलींचा गुलाबी आणि मुलांचा निळा, दोन्हींवर हिरवा, पिवळा आणि लाल पट्टा. तक्ते वेगळे का, हे मला तुझ्याइतकेच ठाऊक होते. त्याच वयाच्या मुलाचे वजन मुलीपेक्षा सरासरीने थोडे अधिक भरते, म्हणून धोक्याची रेषा दोघांसाठी वेगळ्या उंचीवर असते. त्या रेषांबद्दल माझी तक्रार नव्हती. तक्रार रंगांबद्दल होती, आणि नोंदी भरता भरता मी ती करीत होते.

"रेषा वेगळ्या असायला कारण आहे, फुई. रंग वेगळे असायला काय कारण आहे?"

"आठे चायीस लेकरं शेत. तक्ता दुरथून समजाले जोयजे, कोन्ता कोनना शे."

"मग खुणा करा. मुलींना वर्तुळ, मुलांना त्रिकोण."

"त्रिकोन!" तू काट्यावरच्या मुलाला सावरत म्हणालीस. "त्रिकोन देखीसन बाया समजतीन ऑपरेशनना कागद उना. एक बी येवाव नही!"

कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण अजूनही पंचायतीच्या भिंतीवर अर्धवट पुसलेला आहे. रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसले. हसत असतानाच सुमनबाईंनी पुढचे मूल काट्यावर ठेवले. गुलाबी फ्रॉक, बाह्यांना झालर, गालावर काजळाचा मोठा ठिपका. तू आकडा सांगितलास. मी नाव विचारले. अजून ठेवलेले नाही, असे त्याची आजी म्हणाली. पुढच्या चौकोनात दोनच पर्याय होते. मी कुणाला काही विचारले नाही. मी फ्रॉककडे पाहिले आणि बोट टेकवले. मग भिंतीवरच्या गुलाबी तक्त्यावर पेनने ठिपका केला. तो हिरव्या पट्ट्यात पडला. मी म्हणाले, "छान आहे हिचे," आणि पुन्हा रंगांच्या अन्यायाकडे वळले.

ते मूल मुलगा होते. रेखाचा मुलगा, सुरतेहून माहेरी आलेल्या, कोपऱ्यात भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्या अबोल मुलीचा. आधीचे दोन मुलगे तान्हेपणीच गेल्यावर झालेला तिसरा. त्याच्यासाठी घरच्यांनी नवस केला होता: पहिली दोन वर्षे त्याला नवे कापड लावायचे नाही, पाच घरांतून मुलींचे वापरलेले कपडे मागून आणून घालायचे, नाव ठेवायचे नाही, आणि तो मुलगा आहे हे कुणापुढे तोंडातून काढायचे नाही. हे सगळे मला नंतर कळले. तुला तेव्हाच ठाऊक होते. पण भरल्या रांगेत तू ते बोलणार नव्हतीस, कारण एका आईची भीती तुला तुझ्या तक्त्यांइतकीच खरी वाटत होती. मी विचारीन आणि तू माझ्या कानात सांगशील, असे तू धरून चालली होतीस. विचारण्याचेच तर माझे शिक्षण झाले होते.

या नवसाचा मी नंतर खूप विचार केला आहे. दृष्ट लागायला आधी मोल असावे लागते. मुलाला मुलीचा फ्रॉक घातला की तो वाचतो, असे ज्यांनी पहिल्यांदा ठरवले, त्यांनी हे गृहीत धरले होते की मुलीकडे कुणी हेव्याने पाहत नाही. देव नाही, दैत्य नाही, शेजारीणही नाही. स्वेटरांच्या दिवशी चार मुलांनी थंडी सोसली पण गुलाबी घातला नाही. इथे एका आईने तोच रंग आपल्या मुलाला घातला, कारण तिला त्याच्यासाठी सर्वांत दुर्लक्षित जागा हवी होती. तिचे ते वेषांतर उत्तम साधले. मीच त्याला फसले, आणि त्या दुर्लक्षाची अधिकृत नोंदही मीच केली. सात किलो दोनशे हे बारा महिन्यांच्या मुलीला पुरेसे होते. मुलाला नव्हते. निळ्या तक्त्यावर तो ठिपका पिवळ्या पट्ट्यात पडायला हवा होता, आणि पिवळ्यात पडला असता तर तू त्याच आठवड्यात रेखाच्या दारात जाऊन बसली असतीस.

डिसेंबरात रेखा सासरी होती. जानेवारीत परतली तेव्हा तू वजन केलेस: सात किलो. दोन महिन्यांत दोनशे ग्रॅम कमी. गुलाबी तक्त्यावर ते पिवळ्यात येत होते. निळ्यावर सरळ लाल पट्ट्यात. नोंद उघडलीस तेव्हा तुला माझी ओळ दिसली.

दुपारी तुझा फोन आला. दोन दिवसांनी माझी मुलाखत होती, परदेशातल्या संशोधनाच्या जागेसाठी. अर्जात मी लिहिले होते की गावपातळीवर माहिती गोळा करण्याचा मला प्रत्यक्ष अनुभव आहे. मी भिंतीकडे तोंड करून उत्तरांचा सराव करीत होते.

"रेखानं लेकरू आठवस का तुले? दिवाईमा वजन करं व्हतं," तू म्हणालीस. "त्याले लई चालनू दवाखानामा. चौदा दिन ठेवतीन."

मग तू मला नवसाचे सांगितलेस. तू रागावलेली नव्हतीस. दमलेली होतीस.

"तठे समदासमोर मी कशी बोलू, सांग? रेखानी माय बाजूमाच व्हती. तू काय देखीसन आंडेर लिखं?"

आणि मी म्हणाले, "फुई, तूच सांगितलंस ना, मुलगी म्हणून."

समदासमोर मी कशी बोलू, हे तू आत्ताच म्हणाली होतीस. त्या वाक्यानंतर माझे वाक्य उभेच राहू शकत नव्हते. तरी मी ते उभे केले. पलीकडे शांतता झाली. ती किती सेकंदांची होती हे मी मोजले नाही. आयुष्यात मोजायला हवी होती अशी एखादी गोष्ट असेल तर ती ती होती. तुझ्या मागे कुणाची तरी म्हैस रेकली.

"हां," तू म्हणालीस. "म्हनेल व्हई मी. बरं, तू अभ्यास कर. मुलाखत चांगली दे."

माझी निवड झाली, जायचे पुढच्या वर्षी होते. तू गावात पेढे वाटलेस.

पोर चौदा दिवसांनी घरी आले. त्यानंतर दर महिन्याला वजनाच्या दिवशी तू मला फोन करून फक्त आकडा सांगत असायचीस. "सात सहाशे." "आठ. बराबर आठ, देख." "या महिनामा ताप व्हता, काही वाढनं नही." मी विचारत नव्हते, तरी तू सांगत होतीस. हे तू का करीत होतीस, याची दोन स्पष्टीकरणे माझ्याजवळ आहेत आणि त्यांतले कोणते खरे हे ठरवण्याचे साधन आता उरलेले नाही. एक असे की तू मला आठवण देत होतीस: अजून वेळ आहे, बोल. दुसरे असे की तू मला सोडवत होतीस: बघ, तो वाढतो आहे, आता विसर. मी प्रत्येक वेळी "वा, छान" म्हणाले. नोव्हेंबरात तू "नऊ चारशे" म्हणालीस, आणि मग घाईने, पाव्हणे आले आहेत म्हणून फोन ठेवलास. बारा दिवसांनी फुवांचा फोन आला.

फुई, मला तुझ्या त्या शांततेबद्दल विचारायचे आहे. तू माझे खोटे ओळखलेस हे मला माहीत आहे. न ओळखण्याइतकी तू भोळी कधीच नव्हतीस. मला जाणून घ्यायचे आहे ते त्यानंतरचे. ओळखल्यावर "म्हनेल व्हई" हे शब्द तुला कुठून मिळाले? तुझे माझ्याबद्दलचे मत त्या क्षणी किती खाली आले, आणि पेढे वाटताना ते परत वर आले होते का? संशोधनात अशा प्रश्नांना आम्ही "अनुत्तरित" असा शेरा मारतो आणि पुढे सरकतो. मला पुढे सरकता येत नाही. मला तुझा चष्मा नाकावर घसरलेला पाहायचा आहे, मटकीच्या ताटात फिरणारी तुझी बोटे पाहायची आहेत, आणि तू एकदा तरी माझ्यावर ओरडावेस असे वाटते.

तेराव्यानंतर मी अंगणवाडीत गेले. शेजारच्या गावच्या सेविकेकडे तुझा तात्पुरता कारभार दिला आहे. सुमनबाई तुझ्या वह्या काढून देत होत्या. एका वहीला चिकटवलेला कागद त्यांनी मला न मागता दाखवला. जानेवारीच्या बैठकीत त्या चुकीबद्दल तुझ्याकडून घेतलेला खुलासा. तुझे वळणदार अक्षर, शाळेत शिकलेली प्रमाण मराठी: घाईत माझ्याकडून चुकीचा पर्याय निवडला गेला, पुन्हा असे होणार नाही.

"मी बाईस्ले म्हनं, ताईनं नाव सांगा," सुमनबाई म्हणाल्या. "त्या शिकेल शेत, त्यास्ले कोनी काही म्हनाव नही. ते बाई मन्हावरच खेकसन्यात. म्हने, पोरनी परीक्षा शे."

मी शहाद्याला जाऊन पर्यवेक्षिकाबाईंना भेटले आणि लेखी निवेदन दिले: ती नोंद मी केली, सेविकेने तसे सांगितले नव्हते. त्यांनी ते दोनदा वाचले. त्या चांगल्या आहेत. त्यांनी मला चहा दिला.

"त्या गेल्या हो आता. याचा काय उपयोग?"

"नोंद दुरुस्त व्हावी," मी म्हणाले.

त्यांनी तो कागद तुझ्या खुलाशाला टाचून ठेवला. मला वाटले होते की बाहेर पडल्यावर हलके वाटेल. तसे काही झाले नाही. बसथांब्यावर मला तुला फोन करून सांगायची इच्छा झाली, एवढेच झाले. क्रमांक अजून आहे, तुझा फोटोही आहे. घाटावरच्या वाऱ्यात पदर सावरतानाचा.

काल वजनाचा दिवस होता. नव्या सेविकेला इथली मुले ओळखू येत नाहीत, म्हणून सुमनबाईंनी मला मदतीला बसवले. मी मोबाइल तिच्याकडे ठेवला आणि स्वतः वही घेतली. रांग लागण्यापूर्वी रेखा आली. मी तिला बाहेर ओट्यावर घेऊन गेले आणि सांगितले. इतके दिवस जुळवलेले वाक्य वापरले नाही. नुसते म्हणाले, "रेखा, तेव्हा ते चुकीचं मी लिहिलं होतं. फुईने नाही. तुझं पोर त्यामुळे दवाखान्यात गेलं."

ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागली.

"मी बी तठेच हुबी व्हतू ना, ताई," ती म्हणाली. "तुम्ही बोट लावं ते माले दिसनं. माले सांगता येतं. पन तो शबद मन्हा तोंडमातून निंघेच ना. दोन येळा हरखमा म्हनेल व्हतू मी. दोन्ही येळा..."

तिने मला क्षमा केली असे मी म्हणणार नाही; तिने फक्त स्वतःलाही माझ्या शेजारी उभे केले. मग म्हणाली, "बाई दर आठ दिनले घर येत. काही इचारत नही. बठेत, त्याले चारेत, उठी जायेत." हे मला ठाऊक नव्हते. तू मला फक्त आकडे सांगितले होतेस.

आम्ही आत गेलो. मी ठरवले होते ते सुरू केले: काट्यावर ठेवलेल्या प्रत्येक मुलाच्या आईला नाव, मग वय, मग मुलगा की मुलगी. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. एक म्हणाली, "दिसत नही का वं, वेनी घालेल शे!" मी म्हणाले, दिसते, तरी सांगा. दहाव्या मुलापर्यंत त्या माझ्या आधीच उत्तर देऊ लागल्या, मोठ्याने, एकीमागून एक, जशी हजेरी चालावी तशी.

मग रेखाने आपले पोर काट्यावर उभे केले. नवस मागच्या महिन्यात फिटला. हर्षल असे नाव ठेवले आहे. अंगात कुणाच्या तरी शाळेचे मरून रंगाचे स्वेटर होते, बाह्या दुमडलेल्या, आणि खाली गुलाबी फुलांची पायजमी. स्वेटर उतरवताना तो हसत होता. त्याला दात बरेच आले आहेत.

"मुलगा की मुलगी?" मी विचारले.

"ताई, आते ते बारसं बी व्हई गयं," सुमनबाई हसल्या. "आखो काय इचारतस!"

रेखा हसली नाही. तिने रांगेकडे पाहिले. एक हात पोराच्या डोक्यावर ठेवला, दुसऱ्याने काट्याची कड धरली. खोलीतल्या बायका तिच्याकडे पाहत होत्या. त्यांतल्या पाचजणींच्या घरचे कपडे त्याने दोन वर्षे घातले होते. तिचे ओठ हलले, पण पहिल्यांदा आवाज निघाला नाही.

मी पेन टेकवून थांबले. या वेळी मी काहीही गृहीत धरणार नव्हते, कितीही वेळ लागला तरी.

"आंडोर," रेखा म्हणाली. आणि मग आणखी मोठ्याने, दाराबाहेरच्यांनाही ऐकू जावे असे, "मन्हा आंडोर शे."

काट्यावरचा आकडा हलता हलता स्थिर झाला. हिरव्या पट्ट्याला अजून दोनशे ग्रॅम कमी होते. मी वहीतला त्याचा निळा तक्ता उघडला, पंचविसाव्या महिन्याची रेघ शोधली, आणि फुई, तुझ्या अक्षराखालच्या ओळीत लिहिले: नऊ किलो सहाशे ग्रॅम.